पाळण्यातले नाव आणि दाखल्यातले नाव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका वर्गमित्राच्या धाकट्या भावाचे बारसे झाले. पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटण्याची सिद्धता झाली होती आणि बाळाच्या कानात नाव सांगण्यासाठी आत्याही पुण्याहून आली होती. नाव ठरले होते ‘ज्ञानेश’. पणजोबांचे नाव ज्ञानेश्वर. त्यावरून आजीने ते सुचविले होते. सर्वांना ते आवडले. हरकत घेतली ती एकट्या आमच्या मित्राने. तो म्हणाला, “नाव चांगले आहे, आजी, पण माझे झाले तसे याचे होऊ देऊ नका.”

आमच्या या मित्राचे नाव यज्ञेश. जन्मदाखल्यावर त्याच्या इंग्रजी नावात ‘जी-एन’ ही अक्षरे आहेत, शाळेच्या नोंदवहीत ‘डी-एन-वाय’ आणि आधारपत्रावर ‘जी-वाय’! दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ आली, तेव्हा हे तिघे यज्ञेश एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्याच्या वडिलांना प्रतिज्ञापत्र करावे लागले आणि कचेरीच्या अनेक खेपा घालाव्या लागल्या. चूक कोणाचीच म्हणता येत नव्हती. प्रत्येकाने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले होते. हा प्रसंग पाहून नाव कसे ठेवतात व कसे लिहितात याचा थोडा शोध घ्यावा असे आम्हांस वाटले. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नामकरण हा आपल्या प्राचीन संस्कारांपैकी एक होय. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन अथवा चार अक्षरांचे असावे आणि त्याचा आरंभ घोष वर्णाने, म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या वर्णाने व्हावा, असे सांगितले आहे. हा नियम काटेकोरपणे लावला, तर तीन अक्षरांचा गोविंद बाद होतो आणि अघोष ‘श’ने आरंभ होणारा शिवही बाद होतो! अर्थात लोकांनी देवांची नावे काही सोडली नाहीत. शास्त्र आणि आवड यांत बहुधा आवडच जिंकत आली आहे.

दुसरी रीत जन्मनक्षत्राची. नक्षत्रे 27 आणि प्रत्येकाचे चरण 4. म्हणून एकंदर 108 आद्याक्षरे ठरलेली आहेत. अश्विनीच्या चार चरणांना चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात. परंतु आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो. त्या घटकेला जन्मलेल्या बाळाचे नाव काय ठेवावे? यावर आपल्या पूर्वजांनी सोपा तोडगा काढला : पत्रिकेतले नाव वेगळे आणि व्यवहारातले वेगळे. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे राशीवरून अक्षरे पाहतात. मेषेला अ, ल, ई, तर मिथुनेला क, छ, घ. रीत थोडी निराळी, पण नाव ठेवण्याचा मान त्यांच्याकडे फोईचा आणि आपल्याकडे आत्याचा, म्हणजे दोन्ही घरी बापाच्या बहिणीचाच!

नाव बदलल्याने आयुष्याला नवी दिशा लागल्याचे उदाहरण शोधण्यास आपणांस वडोदऱ्याबाहेर जावयास नको. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी 11 मार्च 1863 रोजी जन्मलेल्या एका मुलाचे नाव गोपाळ होते. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी 27 मे 1875 रोजी त्यास दत्तक घेतले आणि गोपाळचे सयाजीराव झाले. गायकवाड घराण्यातील ते तिसरे सयाजीराव. नव्या नावाबरोबर एका संस्थानाचा भार त्या बारा वर्षांच्या मुलावर आला, आणि तो त्याने कसा पेलला हे आपण सर्व जाणतोच.

याच महाराजांनी 1893 साली अमरेली भागात आणि 1906 साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ज्या घरांत कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्या घरांतील मुलांची नावेही अशा रीतीने शाळेच्या नोंदवहीत चढू लागली. नोंदवहीतील नावाचे मोल किती असते पाहा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या एका मुलाचे नाव तेथे ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले आहे. हेच पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली अमेरिकेस गेलेले डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो.

आता लेखनाकडे वळू. वडोदऱ्यातील मराठी मुलाचे नाव तीन लिप्यांतून प्रवास करते. घरी व मराठी शाळेत देवनागरी, सरकारी कामात गुजराती आणि सर्वत्र रोमन. या तिन्हींचे नियम एक नाहीत. ‘रवी’ हेच नाव घ्या. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार व्यक्तिनामाच्या अखेरीचा इकार दीर्घ लिहितात. म्हणून रवी, हरी. गुजरातीत मात्र संस्कृत शब्द मुळाप्रमाणे लिहिण्याचा प्रघात आहे. गुजरात विद्यापीठाच्या 1929 सालच्या ‘सार्थ जोडणीकोशा’ने शुद्धलेखनास शिस्त लावली. त्यामुळे तेथे रवि आणि हरि. एकच मुलगा मराठीच्या वहीत दीर्घ आणि गुजरातीच्या वहीत ऱ्हस्व असतो, आणि दोन्हीकडे तो बरोबरच असतो!

‘ज्ञ’ची गोष्ट याच्या उलट. देवनागरीत व गुजरातीत हे जोडाक्षर एकच आहे, ज आणि ञ यांचे. परंतु उच्चार भिन्न. मराठी माणूस ‘द्न्य’ म्हणतो, गुजराती ‘ग्न’ आणि हिंदी ‘ग्य’. जोवर आपल्या लिपीत लिहितो तोवर भांडण नाही. रोमन लिपी मात्र उच्चारामागे जाते, आणि म्हणून आमच्या मित्राचे तीन तुकडे झाले.

रोमन लिपीच्या खोडी आणखीही आहेत. तिला ‘अ’ आणि ‘आ’, ‘त’ आणि ‘ट’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद सहज दाखविता येत नाही. वामन हे सुंदर नाव रोमनमध्ये लिहून अनोळखी माणसास वाचावयास द्या. तो ‘वमन’ वाचणार नाही याची खात्री नाही. अरविंद हे आपल्याकडे घरोघरी आढळणारे नाव. पण 1893 ते 1906 या काळात बडोदे संस्थानात नोकरीस असलेले व येथील महाविद्यालयात शिकविणारे श्रीअरविंद जगाला परिचित आहेत ते ‘ऑरोबिंदो’ या बंगाली उच्चारावरून झालेल्या लेखनाने. आपल्या शहराचेही तसेच. 1974 पासून अधिकृत नाव वडोदरा झाले. तरी 1908 साली स्थापन झालेली बँक ‘बडोदा’ हेच नाव मिरविते आणि रेल्वे स्थानकाची खूण आजही ‘बीआरसी’च आहे.

शहराला दोन नावे शोभतात; विद्यार्थ्याला ती परवडत नाहीत. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर 21 दिवसांत द्यावयाची असते. नावाची मात्र घाई नाही. नावाविना जन्म नोंदविता येतो आणि नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येते. 2023 साली या कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार 1 ऑक्टोबर 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, पारपत्र इत्यादी कामी जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणजे तेथे पडलेले अक्षर पुढे जन्मभर सोबत येणार.

तेव्हा आमच्या अल्पमतीप्रमाणे पालकांनी एवढे करावे. नाव ठरले की ते बापाच्या नावासह व आडनावासह तिन्ही लिप्यांत एका कागदावर लिहावे. रोमन लेखन एखाद्या अपरिचिताकडून वाचवून पाहावे. बापाच्या नावापुढे ‘राव’, ‘भाई’ अथवा ‘कुमार’ लावावयाचे की नाही हेही त्याच वेळी ठरवावे; कारण आदराने जोडलेले अक्षरसुद्धा दाखल्यात नावाचाच भाग होऊन बसते. आणि मग तो कागद समोर ठेवूनच प्रत्येक अर्ज भरावा. तोंडी सांगू नये.

लेखन अवघड म्हणून आवडते नाव टाकून द्यावे काय? हाच प्रश्न त्या बारशाच्या दिवशीही निघाला होता. कोणी ‘अमित’ सुचविले, कोणी ‘सुनील’. आजी म्हणाली, “अहो, नाव पणजोबांचे आहे. ते लिहिणे अवघड वाटते म्हणून का बदलायचे? नीट लिहायला शिका की!” आम्हांसही तिचेच म्हणणे पटले. नाव अर्थ पाहून आणि आठवण जपून ठेवावे; अक्षरांची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी.

आत्याने बाळाच्या कानात ‘ज्ञानेश’ हेच नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी आमच्या मित्राने स्वतः तीन ओळींचा कागद तयार केला. देवनागरी, गुजराती आणि ‘डी-एन-वाय’ने आरंभ होणारी रोमन. वडिलांनी तो जन्मदाखल्याच्या अर्जास टाचणी लावून नेला. दाखला घरी आला तेव्हा यज्ञेशने तो तीनदा वाचला. धाकट्या भावाचे नाव तीन्ही ठिकाणी बरोबर होते. आता स्वतःचे नाव दुरुस्त करण्याचा अर्ज त्याने हाती घेतला आहे.