मोबाइल, निळा प्रकाश आणि चेहऱ्याची त्वचा

गेल्या काही वर्षांत ‘ब्लू लाइट’पासून संरक्षण देण्याचा दावा करणारी क्रीम, सीरम आणि फवारे सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात मोठ्या संख्येने आले असून, मोबाइलच्या पडद्यातून निघणारा निळा प्रकाश चेहऱ्यावर वांग आणतो व त्वचा अकाली म्हातारी करतो, अशी समजूत त्यांच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचली आहे. या समजुतीला शास्त्रीय आधार आहे, पण तो अर्धाच. आणि ग्राहकाचा खर्च होतो तो नेमका निराधार अर्ध्यापोटी. स्मार्टफोनच्या अतिवापराने त्वचेला त्रास होतो हे खरे असले, तरी त्याची मुख्य कारणे फोनचा स्पर्श, त्याची उष्णता, त्यावर साचणारा मळ आणि त्याच्यामुळे बुडणारी झोप ही आहेत. पडद्याच्या प्रकाशाचा क्रम त्यांत सर्वांत शेवटचा लागतो.

प्रकाशाचा प्रश्न आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त तरंगलांबीचा दृश्य प्रकाशही असतो. या दृश्य प्रकाशातील साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळा व निळा, भाग सर्वाधिक ऊर्जेचा असतो. त्वचा काळवंडते ती केवळ अतिनील किरणांनी, असे दीर्घकाळ मानले जात होते. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे आढळले, की सावळ्या व काळ्या वर्णाच्या त्वचेवर दृश्य प्रकाशानेही काळसर डाग उमटतात आणि ते बराच काळ टिकतात, तर अतिशय गोऱ्या त्वचेवर त्याच प्रकाशाचा तसा परिणाम होत नाही. त्यानंतर २०१८ साली फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी या काळवंडण्यामागची यंत्रणा उलगडली : त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींमध्ये ऑप्सिन-३ नावाचे एक प्रथिन असते, ते निळा प्रकाश ओळखते आणि पेशीला अधिक मेलॅनिन बनवण्याचा संदेश देते. बहुतांश भारतीयांची त्वचा या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या वर्णगटातच मोडत असल्यामुळे हे संशोधन भारतीय वाचकाने मनावर घ्यावे असेच आहे.

परंतु प्रकाश कोणता याइतकाच तो किती, हा प्रश्नही महत्त्वाचा असतो, आणि जाहिराती नेमका तोच गाळतात. प्रयोगशाळेत वापरलेली प्रकाशाची मात्रा ही भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला मिळणाऱ्या मात्रेच्या तोडीची असते. फोनचा पडदा त्याच्या अगदी अल्प अंशाइतकाच प्रकाश टाकतो. त्वचेवर लावायची प्रसाधने बनवणाऱ्या बायर्सडॉर्फ या जर्मन कंपनीच्याच संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की पडद्यासमोर सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर आठवडाभर अखंड बसले, तरी त्वचेला मिळणारा निळा प्रकाश हॅम्बुर्गमधील उन्हाळ्याच्या दुपारी एक मिनिट उन्हात उभे राहिल्यावर मिळतो तेवढाच भरतो. वांग असलेल्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात रुग्णांच्या चेहऱ्यापासून २० सेंटिमीटरवर संगणकाचा पडदा ठेवून रोज आठ तास, असे पाच दिवस प्रकाश दिला गेला. तरीही वांग वाढले नाही. यावरून केवळ पडद्याच्या भीतीने महागडे क्रीम विकत घेण्याचे कारण उरत नाही.

मग वांगाचा त्रास असणाऱ्यांनी करावे काय? फोनपेक्षा खिडकीची काळजी घ्यावी, हे त्याचे उत्तर आहे. खिडकीची साधी काच सूर्यप्रकाशातील लघुतरंगी अतिनील किरण अडवते, पण दीर्घतरंगी अतिनील किरण आणि जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश आत येऊ देते. त्यामुळे खिडकीशी बसून तासन्‌तास फोन पाहणाऱ्या व्यक्तीच्या गालावर डाग गडद झाले, तर दोष बहुधा हातातल्या पडद्याचा नसून बाजूने येणाऱ्या उन्हाचा असतो. येथे सनस्क्रीनच्या निवडीविषयीची एक बाब फारशी कोणाला माहीत नसते. बाटलीवर छापलेला एसपीएफचा आकडा मुख्यतः लघुतरंगी अतिनील किरणांपासूनचे, तर पीए हे मानांकन दीर्घतरंगी किरणांपासूनचे संरक्षण दाखवते. दृश्य प्रकाशाबद्दल ही दोन्ही मानांकने काहीच सांगत नाहीत. दृश्य प्रकाश अडवण्याचे काम लोहाची ऑक्साइडे, म्हणजे त्वचेच्या रंगाशी मिळणारी तांबूस-पिवळी रंगद्रव्ये, करतात. त्यामुळे वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइडयुक्त, रंगछटा असलेले सनस्क्रीन निवडणे अधिक उपयुक्त ठरते.

स्पर्शातून होणाऱ्या त्रासांत निकेल या धातूची ॲलर्जी सर्वाधिक लक्ष देण्याजोगी आहे. फोन गालाला, जबड्याला किंवा कानाला टेकतो तेथेच खाज सुटून लालसर, खरखरीत चट्टा उठणे, हे तिचे लक्षण होय. अशा रुग्णांच्या नोंदी २००० सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या आणि २००८ साली ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने डॉक्टरांना याबाबत सावध केले. युरोपीय संघाने त्वचेशी दीर्घकाळ संपर्क येणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये अशी मर्यादा घातली असून, २००९ मध्ये मोबाइल फोनही तिच्या कक्षेत आणले गेले. ही ॲलर्जी एकाएकी उपजत नाही. बहुतेकदा तिचे मूळ कान टोचल्यानंतर घातलेल्या खोट्या दागिन्यांत असते. तेथे शरीराची प्रतिकारयंत्रणा निकेलला शत्रू मानू लागते आणि पुढे आयुष्यभर ती ओळख विसरत नाही. बालपणीच कान टोचण्याची प्रथा असलेल्या महाराष्ट्रात आणि एकूण भारतात हा धागा विशेष महत्त्वाचा आहे. हल्लीच्या फोनचा पुढचा भाग बहुतेक काचेचा असला, तरी धातूची कड, मुलामा उडालेली बटणे, चकचकीत धातूची कव्हरे आणि मागे चिकटवलेल्या कड्या यांतून निकेल त्वचेपर्यंत पोहोचू शकते. प्रतिक्रिया एक-दोन दिवसांनी उमटत असल्यामुळे रुग्णाच्या मनात फोनचा संशय येतच नाही. धातूविरहित साधे कव्हर आणि बोलताना इअरफोन किंवा स्पीकर यांचा वापर, एवढ्यानेही अनेकांचा चट्टा ओसरतो.

मुरमांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दाब, घर्षण, उष्णता आणि घाम एकत्र आले की तेथील छिद्रे बुजून पुटकुळ्या येतात. शिरस्त्राणाच्या पट्ट्याखाली खेळाडूंना येणाऱ्या अशा मुरमांचे वर्णन त्वचाशास्त्रात १९७५ पासून आहे. कोकणपट्टीतील दमट हवेत घामेजल्या गालाला फोन दाबून बराच वेळ बोलणे ही याच प्रकारची परिस्थिती होय. फोनवरील जंतू हेच मुरमांचे कारण असल्याचे सांगणे अतिशयोक्त असले, तरी घाम, तेल व मेकअपचा थर पुसून टाकणे हिताचे असते. त्यासाठी फोन बंद करून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले मऊ कापड वापरावे. द्रव थेट फोनवर फवारू नये.

चार्जिंगला लावलेला, तापलेला फोन रोज तासन्‌तास मांडीवर किंवा पोटावर ठेवणेही टाळावे, कारण साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सियसची उष्णता पुनःपुन्हा मिळाल्यास भाजल्याची जाणीव न होताही त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडतात. काश्मीरमध्ये फिरन या सैल झग्याखाली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, बाळगणाऱ्यांच्या अंगावर असे डाग पूर्वापार दिसत आले आहेत, आणि लॅपटॉपमुळे मांड्यांवर आलेल्या अशाच डागांची नोंद २००४ पासून होत आहे.

पडद्याच्या निळ्या प्रकाशाचा खरा परिणाम डोळ्यांवाटे होतो. झोपेची वेळ ठरवणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाची निर्मिती तो लांबवतो; झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचन करणाऱ्यांमध्ये मेलॅटोनिनची लय सुमारे दीड तासाने पुढे सरकल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. पुरेशी झोप न मिळाल्यास त्वचेच्या बाह्य थराची, म्हणजे आतला ओलावा राखणाऱ्या कवचाची, दुरुस्ती मंदावते आणि इसब असलेल्यांची खाज रात्री अधिक छळते. झोपण्यापूर्वी तासभर फोन दूर ठेवणे हा उपाय बाजारातील कोणत्याही ‘ब्लू लाइट’ क्रीमपेक्षा त्वचेला अधिक लाभदायक आहे, आणि तो विनामूल्य आहे.

शेवटी एक इशारा अत्यंत गरजेचा आहे. गालावरचा निकेलचा चट्टा नायटा समजून, किंवा वांग घालवायचे म्हणून, औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावण्याची सवय भारतात फार फोफावली आहे. अशा मलमाने दोन-चार दिवस आराम वाटतो. पुढे मात्र चेहऱ्याची त्वचा पातळ व लाल होते, मुरमे वाढतात आणि मलम थांबवताच आग होऊ लागते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती सहज मिळतात. म्हणून चेहऱ्यावरचा कोणताही चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर वाचकांनी नवी ट्यूब घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना आपला फोन, त्याचे कव्हर व आजवर लावलेल्या सर्व मलमांच्या ट्यूब बरोबर न्याव्यात.