एका तांबड्या समुद्रशेवाळाची नावनोंदणी

भिलाईलगतच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. असे असूनही समुद्रातील तांबडे शेवाळ तेथील अनेक घरांत नकळत पोहोचलेले असते. कित्येक टूथपेस्ट, आइस्क्रीम आणि डबाबंद दुग्धपेये यांचा दाटपणा टिकविण्यासाठी कॅरागीनन नावाचा पदार्थ वापरतात. तो तांबड्या शेवाळांच्या पेशीभित्तिकांतून काढला जातो. असे शेवाळ देणाऱ्या ‘हिप्निया’ या गटात अलीकडे दोन भारतीय प्रजातींची भर पडली.

भटिंडा येथील पंजाब केंद्रीय विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ फेलिक्स बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे वर्णन ‘बोटॅनिका मरीना’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जानेवारी २०२२ मध्ये ही वार्ता वृत्तपत्रांतून सर्वांपर्यंत पोहोचली. ‘हिप्निया इंडिका’ ही कन्याकुमारी तसेच गुजरातमधील सोमनाथ पाटण व शिवराजपूर येथे आढळली, तर ‘हिप्निया बुलाटा’ कन्याकुमारी व दीव येथे. पहिलीचे नाव देशावरून ठेवलेले आहे, तर दुसरीचे तिच्या अंगावरील फोडांसारख्या उंचवट्यांवरून. त्या वेळी जगात या गटाच्या ६१ प्रजाती ज्ञात होत्या व त्यांपैकी १० भारतात नोंदलेल्या होत्या.

येथे एक शंका साहजिक आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर वाढणारे हे शेवाळ कोळ्यांच्या पायाखाली पिढ्यान्‌पिढ्या असणारच. मग ‘नवे’ ते काय? नवी आहे ती ओळख. समुद्रशेवाळांचे बाह्यरूप फार फसवे असते. लाटांचा मारा सोसणाऱ्या खडकावर आखूड व दाट वाढणारी प्रजाती शांत डबक्यात लांब व विरळ दिसते. फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे आलेला तांबडा रंग प्रखर उन्हात फिका पडून पिवळट होतो. उलटपक्षी, दोन अगदी भिन्न प्रजाती जुळ्या बहिणींसारख्या भासतात. म्हणून आडव्या छेदातील पेशींची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते आणि त्यानंतर डीएनएमधील ठरावीक भाग ज्ञात प्रजातींशी ताडून पाहावे लागतात. बँकेत केवळ चेहरा ओळखीचा आहे म्हणून कोणाचे खाते उघडत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

साम्य एवढ्यावरच थांबत नाही. खातेदाराची नमुना स्वाक्षरी जशी जपून ठेवतात, तसा नव्या प्रजातीचा एक अधिकृत नमुना निश्चित करून वनस्पतिसंग्रहालयात ठेवणे आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार बंधनकारक असते. पुढे कधीही वाद निर्माण झाला तर निवाडा त्या नमुन्यावरून होतो. वर्णनाची भाषाही नियमाने बांधलेली आहे. शेवाळांसाठी १९५८ पासून लॅटिन अनिवार्य होती, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. नमुना तयार करण्याची रीत मात्र घरगुती वाटावी इतकी साधी आहे. शेवाळ पाण्यात पसरायचे, खालून जाड कागद सरकवून अलगद उचलायचे व दाबून वाळवायचे. बहुतेक शेवाळे अंगच्या चिकट द्रवानेच कागदाला घट्ट धरून बसतात. वेगळ्या डिंकाची क्वचितच गरज पडते.

नावाच्या बाबतीत इतका काटेकोरपणा कशासाठी, याचे उत्तर व्यापारात सापडते. फिलिपिन्समध्ये मोठ्या प्रमाणावर लागवड होणारे एक तांबडे शेवाळ बाजारात ‘कॉटोनी’ या नावाने विकले जाई, आजही विकले जाते. वस्तुतः कॉटोनी ही निराळीच प्रजाती. मॅक्सवेल डोटी यांनी १९८५ मध्ये लागवडीच्या या शेवाळाचे स्वतंत्र वर्णन केले. आता ते ‘कॅपाफायकस अल्वारेझी’ म्हणून ओळखले जाते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हेच शेवाळ भारतात आणले आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, त्यातून उत्पन्नाचे साधन लाभले. परंतु मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदले गेले. बाहेरून आणलेले कोणते आणि मूळचे इथले कोणते, हे सांगता आले नाही तर असा प्रसार वेळीच ध्यानात येणे कठीण. २०२० मध्ये आरंभ झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्रशेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली, तेव्हापासून हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही. स्वदेशी हिप्नियातूनही कॅरागीनन मिळते, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

मराठी मुलखाला हा विषय परका नाही. समुद्रापासून दूर, गोड्या पाण्यातही काही तांबडी शेवाळे वाढतात. बालकृष्णन व चौगुले या अभ्यासकांनी वर्णिलेल्या अशाच एका शेवाळाच्या नावात महाबळेश्वर कायमचे गुंफले गेले आहे. कोकणच्या खडकांवर हिप्निया आढळते, याच्या नोंदीही जुन्या आहेत. मात्र डीएनए-तपासणीपूर्वीच्या काळातील नोंदी मुख्यतः दिसण्यावरून केलेल्या. कन्याकुमारी आणि सोमनाथ येथे एकच प्रजाती मिळाली आहे व या दोहोंच्या मधोमध कोकण पसरलेले आहे. त्या जुन्या नमुन्यांपैकी जे कागदावर जपून ठेवलेले असतील, त्यांच्या सुकलेल्या तुकड्यांतूनही कित्येकदा तपासण्याइतका डीएनए मिळू शकतो.