माझ्या डोक्यातला ट्टॉक

राजूर घाटात सायकलवरून उतरावंच लागतं. मोताळ्याकडून बुलढाण्याला येताना एकेक वळण असं लागतं की पायडलवर उभं राहूनही चाक पुढं सरकत नाही. फास्टर फेणे मात्र तिथं कधीच उतरला नाही. गेली पस्तीसहून अधिक वर्षं तो माझ्या डोक्यात हा घाट एका दमात चढतोय.

भा. रा. भागवतांच्या पुस्तकात राजूर घाट नाही, हे मलाही ठाऊक आहे. बनेश फेणे फुरसुंगीचा, शाळा पुण्याची विद्याभवन. पण शाळेच्या कपाटातलं ते पुस्तक माझ्या हाती आलं तेव्हा मी ना पुणं पाहिलं होतं ना फुरसुंगी. मग जे हाताशी होतं त्यावर भागवलं. फुरसुंगीत आमचाच पार आला, आमचीच विहीर आली, आणि पुण्याचा चढ म्हणून राजूर घाट. पुढं नोकरीच्या निमित्तानं खरी फुरसुंगी पाहिली. हडपसरच्या पलीकडचं ते गाव तेव्हा पुण्याच्या कचरा डेपोमुळं बातम्यांत असायचं. मी तिकडं एकदा नीट पाहिलं आणि आपली फुरसुंगी आपल्याजवळच बरी, असं ठरवून परत आलो.

२०१७ साली ‘फास्टर फेणे’ हा सिनेमा येणार, त्यात अमेय वाघ फेणे करणार, अशी बातमी आली. मोताळ्याच्या मित्राचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाला, “काऊन रे, आपला फेणे आता दाढी करते म्हने!”

हसलो, पण पोटात गोळा आला तो आलाच. आता हे नवलाचंच नाही का? सिनेमा अजून पाहिलेला नाही, दिग्दर्शक आदित्य सरपोतदारांनी आमचं काही वाकडं केलेलं नाही, अमेय वाघ तर आवडता नट. तरी दोन चाळिशीचे बाप्ये एका काल्पनिक पोराच्या दाढीवरून अस्वस्थ झालेले. ही अस्वस्थता येते कुठून, याच्या मागं लागलो आणि जे सापडत गेलं त्यानं थक्क झालो.

पहिली गोष्ट आवाजाची. २०११ साली ग्लासगो विद्यापीठातल्या बो याओ, पास्कल बेलिन आणि क्रिस्टोफ शेपर्स यांनी लोकांना मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या यंत्रात झोपवून मनातल्या मनात गोष्टी वाचायला दिल्या. ‘तो म्हणाला की मी येतो’ अशा सांगीव वाक्यांपेक्षा अवतरणचिन्हांतला थेट संवाद आला, की मेंदूतला माणसांचे आवाज ओळखणारा भाग जास्त जागा व्हायचा. खोलीत चिटपाखरू बोलत नाही, ओठ मिटलेले, आणि आत कुणाचा तरी आवाज चाललेला! म्हणजे फेणे बोलत होता तेव्हा आम्हाला तो ‘वाचल्यासारखा’ वाटत नव्हता, ऐकू येत होता. आणि आमच्या घाटावरच्या कानांना ज्या बोलीची सवय, तीत ऐकू येत होता. छापलं होतं शुद्ध पुणेरी, माझ्या डोक्यातला फेणे म्हणायचा, “मले माहीत हाये.”

या आवाजांतला सगळ्यात अवघड आवाज म्हणजे त्याचा तो सुप्रसिद्ध ‘ट्टॉक!’ डोकं चाललं की फेणे तो काढतो. इथं जरा थांबून जीभ टाळ्याला लावून बघा. जिभेचं टोक वर चिकटतं, मागचा भागही वर चिकटतो, मध्ये थोडी हवा कोंडली जाते. मग जिभेचा मधला भाग खाली ओढला की त्या पोकळीतला हवेचा दाब कमी होतो. टोक सुटलं की बाहेरची हवा आत धावते आणि ट्टॉक! या सगळ्यात फुप्फुसाचा काही संबंध नाही. नाक चिमटीत धरून, श्वास रोखूनही हा आवाज निघतो. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत असे आवाज रीतसर व्यंजनं आहेत, आपल्या क-खसारखी. आपल्या बाराखडीत त्याला घर नाही. म्हणून भागवतांनी तो ट, ट आणि इंग्रजी शब्दांसाठी आणलेली ती चंद्रवाली मात्रा यांच्यात कसाबसा बसवला. कागदावर आवाज नव्हताच, नुसती खूण होती. आवाज ज्याचा त्यानं करायचा.

आता ही खूण मी कशी वाजवली? बैलबंडी हाकताना धुरकरी जिभेनं जो आवाज काढतो ना, बैलांना ‘चला’ सांगणारा, तोच मला तिथं ऐकू आला. फेणेला युक्ती सुचली की माझ्या डोक्यात दोन बैल चालायला लागायचे. मोताळ्याचा मित्र मात्र ते शब्दासारखं वाचायचा, ‘टॉक’, मास्तरांनी खडू आपटावा तसं. पस्तीस वर्षं आम्ही ‘आपला फेणे’ म्हणत होतो आणि दोघांचे फेणे वेगळे होते, हे त्या फोनवरच कळलं. सिनेमाला यातला एकच आवाज निवडावा लागतो. एक निवडला की बाकी सगळे नाराज.

२०१९ साली ‘सॉनिक’ या व्हिडिओ गेममधल्या निळ्या प्राण्याच्या सिनेमाची झलक आली, तेव्हा त्याचे माणसासारखे दात बघून चाहत्यांनी असा गिल्ला केला की निर्मात्यांनी त्याला नव्यानं घडवलं आणि सिनेमा नोव्हेंबरऐवजी पुढच्या फेब्रुवारीत आणला. तिथं हे जमलं, कारण सॉनिकचा चेहरा सगळ्यांनी एकच पाहिला होता. फेणे कुणाच्या चेहऱ्याप्रमाणं घडवायचा? आमच्या शाळेतल्या प्रतीला तर मुखपृष्ठच नव्हतं, फाटलं म्हणून खाकी पुठ्ठा लावून बांधून घेतलेली.

यातून सुटलेला एकच माणूस मला माहीत आहे, सत्यजित राय. फेलूदा हा गुप्तहेर त्यांनीच लिहिला, चित्रंही त्यांनीच काढली, आणि १९७४ साली ‘सोनार केल्ला’ हा सिनेमाही त्यांनीच केला. तक्रार करायची कुणाकडं? पण पुढची गंमत ऐका. त्या सिनेमात संतोष दत्त यांनी फेलूदाचा सोबती जटायू केला आणि तो असा जमला की त्यानंतरच्या गोष्टींतल्या चित्रांत रायांचा जटायू संतोष दत्तांसारखा दिसायला लागला. १९८८ साली दत्त गेल्यावर रायांनी फेलूदाचा सिनेमा पुन्हा केला नाही. ज्यानं पात्राला जन्म दिला, त्याच्याही डोक्यात नटानं मुक्काम ठोकला!

तेव्हा, सिनेमा आपली जुनी आठवण पुसेल ही भीती अगदीच पोकळ नाही. २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. घट्ट बसलेली भीतीची आठवण उंदराला पुन्हा करून दिली आणि त्याच वेळी मेंदूत नवी प्रथिनं बनू न देणारं औषध टोचलं. ती आठवण खिळखिळी झाली. आठवण काढली की ती थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ होते आणि पुन्हा वाळवावी लागते, असा त्याचा अर्थ. उंदराच्या भीतीवरून माणसाच्या फेणेवर उडी मारणं धाडसाचं आहे, पण ओल्या मातीवर कुणी पाय दिला तर ठसा उठणारच, एवढं आम्हा शेतकऱ्याच्या पोरांना कळतं.

शेवटी सिनेमा पाहिला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा, मोठा झालेला फेणे, आणि खुद्द भागवत एक पात्र म्हणून, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. (१९९३च्या ‘झपाटलेला’तला खलनायक तात्या विंचू तेच असल्यामुळं आमची पिढी या भागवतांकडं सुरुवातीला जरा जपूनच बघत होती.) सिनेमा बरा होता, काही ठिकाणी चांगलाच. घरी येऊन मी डोळे मिटले आणि नुकसान मोजायला बसलो. माझ्या फेणेचा चेहरा कितपत गेला?

तर चेहरा नव्हताच. कधीच नव्हता. होती ती पाठ, सायकलच्या सीटवरून उचललेलं किडकिडीत अंग, मळक्या टाचा. पस्तीस वर्षं मी त्याच्या मागं धावत होतो, तोंड कुठून दिसणार? काही लोकांना डोळे मिटल्यावर चित्रच दिसत नाही; डॉक्टर अॅडम झेमन यांनी २०१५ साली या अवस्थेला ‘अफँटेझिया’ असं नाव दिलं. मी त्यांतला नव्हे, घाट मला स्वच्छ दिसतो. पण ज्या चेहऱ्यासाठी मी दिग्दर्शकाशी मनातल्या मनात भांडत होतो, तो माझ्याकडं नव्हता. गेला असेल तर आवाज. आता कधीमधी माझा फेणे पुण्याचं बोलतो.

माझ्या लेकीचं उलटं. तिनं आधी सिनेमा पाहिला, मग पुस्तक घेतलं. दहा पानं वाचून आली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “बाबा, यांनी फेणेला उगाच लहान केलंय!” मी भागवतांचा जन्म १९१० चा, ही पुस्तकं तुझ्या बाबांच्याही लहानपणीची, असं बरंच सांगितलं. तिचा संशय काही हलेना. पुस्तकवाल्यांना मूळ फेणे नीट जमला नाही, असंच तिचं म्हणणं. तरी पुस्तक सोडलं नाही.

पोळ्याला गावी गेलो होतो. शिंगं रंगवलेली, झूल घातलेली बैलजोडी अंगणात उभी, काका शेवटची गाठ बांधत होते. लेक ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली. मध्येच तिच्या तोंडून आवाज आला, खणखणीत, जिभेचा.

दोन्ही बैल एक पाऊल पुढं सरकले. काकांच्या हातातली गाठ सुटली.

“कोनं केलं रे ते?” काका ओरडले. लेकीनं पुस्तकात तोंड खुपसलं, आणि मी विहिरीकडं बघायला लागलो.