मांडीवरचा प्रवासी

गणपतीला गावी जायचं आणि घरात कुत्रा आहे, तर रेल्वेचे नियम एकदा वाचून पाहावेत. कुत्र्याला सोबत घेऊन बसायचं तर फर्स्ट एसीचा दोन किंवा चार बर्थचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो. तो नाही मिळाला तर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत त्यानं एकट्यानं प्रवास करायचा. कोकणात जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना फर्स्ट एसी असतोच असं नाही, आणि असला तरी सणाच्या तोंडावर तिथे कूपे मिळणं म्हणजे लॉटरी. तेव्हा उरते ती आपली गाडी. मग पहाटे निघायचं ठरतं, डिकीत मखर चढतं, मागच्या सीटवर पिशव्या लागतात आणि उरलेल्या जागेत, म्हणजे कुणाच्या तरी मांडीवर, आपला मोत्या किंवा ब्रुनो.

गाडीतल्या माणसांची शिस्त गेल्या काही वर्षांत बरीच बदलली. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसलेल्या उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि मागच्या सीटवरच्या बेल्टचा विषय पहिल्यांदा घराघरांत बोलला गेला. मुंबई पोलिसांनी त्याच वर्षी नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्टची सक्ती केली. पण त्याच मागच्या सीटवर तीस किलोचा लॅब्रेडॉर मोकळा उभा असतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ‘तो घरचाच मेंबर आहे हो,’ असं आपण कौतुकानं सांगतो. घरचा मेंबर असेल तर त्याला बेल्ट का नाही, हा माझा प्रश्न आहे.

थोडं गणित करू. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगानं जात असताना कशावर तरी आदळली आणि अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येक शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. तीस किलोचा लॅब्रेडॉर त्या क्षणी सहाशे किलोच्या जोरानं पुढे येणार. तीन किलोचं पॉमेरेनियन असेल तरी साठ किलो. मांडीवरच्या पिल्लाला ‘मी घट्ट धरीन’ म्हणणाऱ्या आत्याला हे साठ किलो डोळ्याचं पातं लवायच्या आत पेलायचे आहेत. शिवाय हे झालं कुत्रा गाडीबरोबरच थांबला तर. मोकळा कुत्रा गाडी थांबल्यावरही पुढेच जात राहतो आणि ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर किंवा काचेवर काही इंचांत थांबतो, म्हणजे जोर आणखी वाढतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर ताशी 100 च्या वेगात हे सगळं चौपट धरायचं. त्यात कुत्रा तर जातोच, समोर बसलेल्या माणसाचाही जीव जाऊ शकतो.

अपघात तरी रोज होत नाही. करकचून ब्रेक मात्र भोर घाटात दर दोन वळणांनंतर लागतो, आणि सीटवर चार पायांवर उभ्या असलेल्या जनावराला धरायला काहीच नसतं. ते दोन सीटांच्या मधल्या खाचेत पडतं, किंवा घाबरून ड्रायव्हरच्या पायाशी, थेट पेडलांच्या मध्ये घुसतं.

म्हणून बांधायचं, पण कशाला? गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. ब्रेकचा सगळा झटका मानेवर येतो. छाती आणि खांद्यांवरून येणारा रुंद पट्ट्यांचा हार्नेस हवा आणि तो गाडीच्या बेल्टमध्ये अडकवायचा, इतका आखूड की कुत्र्याला बसता आणि आडवं होता यावं, पण सीटच्या कडेपलीकडे जाता येऊ नये. लांब दोरी, स्प्रिंगसारखी ताणणारी पट्टी किंवा खिडकीपासून खिडकीपर्यंत बांधलेली तार यांत कुत्रा मजेत फिरतो खरा, पण आदळायच्या वेळी तेवढंच अंतर वेग घेतो.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत 2011 साली ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ नावाची संस्था सुरू झाली, कारण बाजारात सुरक्षेच्या नावानं विकल्या जाणाऱ्या हार्नेसना तिथेही कसलंच सरकारी मानक नव्हतं. 2013 मध्ये या संस्थेनं सुबारू कंपनीच्या मदतीनं कुत्र्याच्या वजनाचे आणि बांध्याचे पुतळे बनवून हार्नेसची टक्कर-चाचणी घेतली. शिवण उसवली, बकल तुटले, पुतळे उडाले. पूर्णपणे भरवशाचा म्हणावा असा एकच हार्नेस निघाला. आपल्याकडे ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, एका टोकाला बेल्टचं लोखंडी बोट आणि दुसऱ्या टोकाला हुक असलेली पट्टी कुत्र्याला ड्रायव्हरपासून लांब ठेवते, ब्रेकच्या झटक्यातही सांभाळते. तेवढ्यासाठी ती जरूर घ्यावी. जोरदार टकरीत ती टिकेल अशा भ्रमात मात्र राहू नये. त्यापेक्षा मोठ्या कुत्र्यासाठी, एसयूव्ही असेल तर, मागच्या मोकळ्या भागात पक्का बांधलेला मजबूत क्रेट आणि सीटच्या मागे जाळी ही व्यवस्था चांगली. सेडानची बंद डिकी हा पर्यायच नव्हे; हे सांगावं लागतं, कारण करणारे आहेत.

पुढची सीट नको. एअरबॅग ताशी तीनशेच्या आसपास वेगानं फुगते आणि ती मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबानं बनवलेली असते. मांडीवरच्या कुत्र्याचं डोकं नेमकं तिच्या तोंडाशी येतं. ड्रायव्हरच्याच मांडीवर कुत्रा, एक हात स्टिअरिंगवर, असे व्हिडिओ तर लोक हौसेनं टाकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 125 नुसार चालकाच्या नियंत्रणात अडथळा येईल असं कुणाला बसवणं किंवा काही ठेवणं मना आहे. कुत्र्याला बेल्ट बांधा असं आपला कायदा वेगळं सांगत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमधला 57 वा नियम मात्र नेमकं तेच सांगतो. आपल्याकडे 1960 चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा आहे आणि प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीनं वाहनातून नेणं हा त्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. 1960 मध्ये पन्नास रुपये मोठी रक्कम असेल. आज तेवढ्यात एक्स्प्रेस वेवरच्या फूड मॉलमध्ये चहा-वडापावही होणार नाही.

खिडकीतून डोकं बाहेर काढून कान उडवत निघालेला कुत्रा फोटोत फार गोड दिसतो. डोळ्यांत खडीचा कण गेला की ती गोडी संपते. शेजारून टेम्पो घासून जाणाऱ्या आपल्या रस्त्यांवर तर हा हट्ट पुरवूच नये. काच चार बोटं खाली, बस्स. आणि काचांचं बटण ड्रायव्हरनं लॉक करून ठेवावं, कारण पंजा नेमका त्याच बटणावर पडतो.

आता उन्हाचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजांच्या गादीपुरत्या, आणि त्यांचा उपयोग नाममात्र. त्याचं अंग गार होतं ते धापा टाकण्यानं, जिभेवरून आणि घशातून होणाऱ्या बाष्पीभवनानं. बंद गाडीत हवा गरम आणि दमट होत गेली की धाप लागते, पण अंग गार होत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं, आणि 41 च्या वर गेलं की उष्माघाताचा धोका. म्हणजे मधलं अंतर जेमतेम दोन अंशांचं. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर या चपट्या नाकाच्या जातींना तेवढीही सवलत नसते, त्यांचा श्वासमार्गच अरुंद. पर्शियन मांजराचंही तेच.

‘पाच मिनिटांत आलोच, काच थोडी उघडी ठेवलीय’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या पार्किंगमध्ये ऐकलेलं आहे. 2005 मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या तापमानाचा अभ्यास छापून आला. बाहेर फक्त 22 अंश असताना तासाभरात गाडीच्या आत 47 अंश झाले. तापमान जे काही वाढतं त्यातलं ऐंशी टक्के पहिल्या अर्ध्या तासातच वाढतं. आणि काच दीड इंच उघडी ठेवल्यानं त्यात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. 22 अंश म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली सुखद सकाळ. मे महिन्यात समृद्धी महामार्गावर विदर्भातल्या टप्प्यात जेवायला थांबणाऱ्यांनी पुढचा हिशेब स्वतः करावा. एकच सोपा नियम आहे: एक जण कुत्र्याजवळ सावलीत, बाकीचे आत, मग अदलाबदल. एकट्यानं प्रवास करत असाल तर डबा घरून न्या.

उष्माघात फक्त बंद गाडीत होतो असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय नोंदींवरून 2020 मध्ये झालेल्या अभ्यासात उष्म्यानं आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उन्हात पळाल्या-खेळल्यानं आजारी पडलेले होते. बंद गाडीतले वीसातून एक. आपल्या सहलींचा क्रमही असाच: सहा तास गाडीत कोंडलेला कुत्रा साडेअकराला गुहागरच्या किनाऱ्यावर सोडायचा आणि चेंडू फेकत राहायचा. तो थांबणार नाही, धनी फेकतोय तोवर तो आणणारच. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल अडखळली की खेळ बंद. आधी सावली, मग साधं नळाचं पाणी अंगावर भरपूर ओतायचं आणि वारा घालायचा किंवा एसी पूर्ण सोडायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, तो उष्णता आत कोंडतो. पाणी पाजायची जबरदस्ती नको. अंग गार करता करताच डॉक्टर गाठायचा, आणि कुत्रा सावरल्यासारखा वाटला तरी गाठायचा, कारण मूत्रपिंडाचे आणि रक्त गोठण्यातले बिघाड उशिरा दिसतात.

घाटात गाडी लागणं हा आपला कौटुंबिक वारसा आहे आणि तो पाळीव प्राण्यांपर्यंत पोचलेला आहे. पिल्लांना गाडी जास्त लागते, कारण तोल सांभाळणारी आतल्या कानाची रचना पूर्ण तयार झालेली नसते. उलटीच्या आधी कुत्रा बराच वेळ सांगत असतो: जांभया, ओठ चाटणं, लाळेची धार, कण्हणं. पुष्कळ मोठे कुत्रे वळणांमुळे नव्हे तर भीतीनं ओकतात. गाडीत बसलं की इंजेक्शन, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. यावर उपाय सावकाशीचा: उभ्या गाडीत खाऊ द्यायचा, मग नुसतं इंजिन चालू करायचं, मग कॉलनीला एक फेरी, मग जवळच्या मैदानापर्यंत. आंबोली घाटाच्या आधी निदान दोन-तीन आठवडे हे सुरू केलेलं असावं. निघण्याच्या तीन-चार तास आधी हलकं खाणं, पाणी मात्र प्रत्येक थांब्यावर.

औषध लागलं तर मॅरोपिटंट नावाचं खास प्राण्यांसाठीचं औषध आहे. ते निघण्याच्या निदान दोन तास आधी द्यायचं असतं आणि मात्रा डॉक्टरच ठरवतात. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी मोडून देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. गुंगीचं औषध तर विचारल्याशिवाय नकोच. काही औषधांनी प्राणी शांत दिसतो, पण भीती तशीच राहते आणि रक्तदाब उतरतो.

थांब्यांवरचा धोका आपणच हातानं भरवतो. लोणावळ्याचं चॉकलेट फज, नाशिक रस्त्यावरची द्राक्षं, तासगावचे बेदाणे, धाब्यावरची कांदाभजी: वाटेवरच्या सहलीचं सगळं सुख एका ताटात, आणि यातला एकही पदार्थ कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये. द्राक्ष-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेटनं हृदय आणि मेंदूवर परिणाम होतो, कांद्यानं रक्तपेशी फुटतात. मागच्या सीटवरच्या मुलांना हे निघण्यापूर्वी बजावून ठेवा. साखर नसलेल्या च्युइंगममधलं झायलिटॉलही तितकंच विषारी.

दार उघडण्याआधी पट्टा हातात, हा नियम टोल नाक्यावरही आणि पेट्रोल पंपावरही. हॉर्नच्या कल्लोळात सुटलेला कुत्रा कुठल्या दिशेनं पळेल याचा नेम नाही. गळपट्ट्यावर चालू मोबाइल नंबर असावा. मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या नोंदीतही तोच नंबर आहे ना, हे पाहावं. सोबत रेबीजसह सगळ्या लसींची नोंदवही ठेवावी. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखलाही सांगितलेला आहे. कोकणात पावसाळ्यात जाणार असाल तर लेप्टोच्या लसीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, आणि मुक्कामी रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या आत गोचीड शोधा.

मांजरांचं प्रकरण वेगळं आणि थोडक्यात संपणारं आहे. मांजर गाडीत मोकळं कधीही सोडायचं नाही. टणक कॅरिअर आठवडाभर आधी घरातच उघडा ठेवावा, आत त्याच्या वासाची जुनी चादर टाकावी, म्हणजे ते आपण होऊन जाऊन झोपतं. गाडीत तो पुढच्या सीटच्या मागे खाली जमिनीवर घट्ट बसवावा आणि वरून पातळ कापड टाकावं, हवा खेळती ठेवून. सीटवर ठेवून बेल्ट आवळला तर टकरीत तोच बेल्ट हलका कॅरिअर चेपू शकतो. आणि मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल तर मांजराला नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा जीव माणसांत असतो त्याहून जागेत जास्त असतो. शेजारच्या काकूंना किल्ली द्यावी, दोन वेळचं खाणं आणि मातीचा ट्रे समजावून सांगावा, आणि येताना त्यांच्यासाठी खाजा आणावा.