एका बोलपटांतील शाळा व कविता

बोलपट पाहणें म्हणजे घटकाभर मन रमविणें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु कांहीं बोलपट असे असतात कीं, चांगल्या ग्रंथाप्रमाणें ते पुन्हां पाहिले म्हणजेच त्यांतील अर्थ उलगडूं लागतो. ‘डेड पोएट्स सोसायटी’, म्हणजे ‘दिवंगत कवींचें मंडळ’, हा अशांपैकींच एक होय. पीटर वीअर यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९८९ सालीं प्रसिद्ध झाला व त्याच्या कथालेखनाबद्दल टॉम शुलमन यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें. विद्यार्थी, शिक्षक व पालक या तिघांनाही त्यांत आपापलें प्रतिबिंब दिसतें. म्हणून त्यांतील रूपकांचा येथें थोडा विचार करूं.

कथा १९५९ सालची. अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत वेल्टन नांवाची मुलांची एक कल्पित निवासी शाळा आहे. वर्षारंभीं तेथें ज्ञानज्योत म्हणून मेणबत्त्या पेटविल्या जातात, आणि परंपरा, प्रतिष्ठा, शिस्त व श्रेष्ठता या चार शब्दांचीं निशाणें मिरविलीं जातात. चारही शब्द चांगलेच आहेत. परंतु जी ज्योत हातांत राहते व अंतःकरणास उजळीत नाहीं, ती केवळ समारंभाची शोभा ठरते. पुढील सर्व कथेचें बीज या पहिल्याच देखाव्यांत पेरलेलें आहे.

या शाळेंत जॉन कीटिंग हे इंग्रजीचे नवे शिक्षक येतात. पहिल्याच दिवशीं ते मुलांस वर्गाबाहेर नेऊन जुन्या विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें दाखवितात. तीं तरुण, हंसरीं मुखें आज मातीस मिळालीं आहेत. तेव्हां आपला दिवस वायां दवडूं नका, हा त्यांचा पहिला पाठ. पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेंत कवितेची पूर्णता आडव्या रेषेवर व तिचें महत्त्व उभ्या रेषेवर मांडून, क्षेत्रफळाप्रमाणें तिचें मोठेपण मोजण्याची रीत दिलेली असते. तीं पानें ते मुलांकडून फाडवितात. (आमच्या वाचनालयांत मात्र कोणीं याचें अनुकरण करूं नये!) यांतील मर्म इतकेंच कीं, कविता ही मोजावयाची वस्तु नसून अनुभवावयाची आहे. तसेंच ते स्वतः मेजावर उभे राहतात व मुलांसही तेथें चढवितात. परिचित वर्ग उंचावरून निराळा दिसतो. परिचित विचारही स्थान बदलून पाहिले पाहिजेत, हें त्या कृतीचें तात्पर्य.

मुलें रात्रीं एका गुहेंत जमून कविता वाचूं लागतात. गुहा अंधारी खरी. पण दिव्यांनीं लखलखणाऱ्या शाळेंत जें बोलतां येत नव्हतें, तें तेथें मोकळेपणीं बोललें जातें. टॉड नांवाचा लाजाळू मुलगा हुशार थोरल्या भावाच्या सावलींत वाढलेला असतो. आईबापांनीं गतवर्षीं वाढदिवसास जी भेट धाडली, तीच ते यंदाही धाडतात. आपणांकडे कोणाचें लक्ष नाहीं, हें त्या मुलास एका वस्तूनें कळतें!

त्याचा मित्र नील यास नटकलेचा ध्यास. बापाच्या मनांत मात्र त्यानें डॉक्टरच व्हावें. हा बाप दुष्ट नव्हे. आपणांस न लाभलेली संधि मुलास मिळावी, एवढीच त्याची तळमळ. नील बापाच्या नांवें परवानगीचें खोटें पत्र लिहून शेक्सपिअरच्या नाटकांत पकची भूमिका घेतो. बापाशीं मनमोकळें बोल, असें कीटिंग त्यास सांगतात. पण तो बोलल्याचें खोटेंच कळवितो. नाटक उत्तम वठतें. बाप त्यास तेथूनच घरीं नेतो व लष्करी शाळेंत घालण्याचें ठरवितो. त्याच हिवाळ्याच्या रात्रीं, डहाळ्यांचा तो नाटकांतील मुकुट खिडकींत ठेवून नील आत्मघात करितो.

त्या मुकुटांत कित्येकांस कांट्यांचा मुकुट दिसतो. मला ही तुलना मान्य नाहीं. प्रभूनें इतरांस जीवन मिळावें म्हणून प्राण दिला. नीलच्या मृत्यूनें कोणासही जीवन मिळालें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तो देखावा कितीही सुंदर असला तरी त्यास पराक्रम समजूं नका. सकाळ व्हावयाची होती. मित्र होते, शिक्षक होते. एक दार बंद झालें म्हणजे सर्व दारें बंद झालीं असें नव्हे.

आणि आम्हीं शिक्षकांनीं व पालकांनीं काय शिकावें? पौलानें इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत मुलांस आज्ञापालनाचा उपदेश आहे. पण त्याच्या पाठोपाठ, मुलांस चिडीस आणूं नये, अशी बापांसही ताकीद आहे. पहिला उपदेश आपण वारंवार सांगतों. दुसरा वाचतांना पान चटकन उलटतों. कीटिंग यांनींही नीलच्या उत्तरावर न थांबतां त्याच्या बापाची भेट घ्यावयास हवी होती, असें मला शिक्षक या नात्यानें वाटतें. मुलास पंख देणारानें त्याच्या घरचें आकाशही पाहावें.

शेवटीं शाळा सर्व दोष कीटिंग यांच्या माथीं मारून त्यांस काढून टाकते. ते निघतांना लाजाळू टॉड प्रथम आपल्या मेजावर उभा राहतो, व लिंकनच्या मृत्यूवर व्हिटमन यांनीं रचिलेल्या कवितेंतील ‘कप्तान’ या नांवानें त्यांस हांक मारितो. मग आणखी कांहीं मुलें उभीं राहतात. बाकीचीं मान खालीं घालून बसतात. ज्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्याचा आवाज सर्व वर्गांत घुमला. समारंभांतील मेणबत्त्या केव्हांच विझल्या होत्या. पण त्यांतील एक ज्योत खरोखर अंतःकरणांत पेटली होती.