विलंब यंत्रात नसतो

रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेरील बाकावर ज्यांना एखादी रात्र काढावी लागली आहे, त्यांची एक तक्रार ठरलेली असते: केसपेपर निघाला, डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला, पैसे भरून पावतीही हाती आली, तरी रुग्ण तासन्‌तास ट्रॉलीवर तसाच पडून राहिला, आणि विचारायला जावे तर ‘मशीन रिकामे नाही’ यापलीकडे उत्तर मिळेना. यावरून यंत्रच संथ असले पाहिजे असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. जेथे यंत्रच नाही आणि रुग्णाला जिल्ह्याच्या गावी हलवावे लागते, तेथील दुःख निराळे. परंतु जेथे ते आहे, तेथे हा ग्रह बहुधा निराधार ठरतो.

यंत्र संथ होते ते त्याच्या बाल्यावस्थेत. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विंबल्डन येथे, अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा एकेका छेदाला सुमारे 5 मिनिटे लागत आणि मोजमापांची फीत पुढे संगणकाच्या स्वाधीन करावी लागे. (हाउन्सफील्ड हे ई.एम.आय. कंपनीचे अभियंते, ज्या कंपनीच्या एच.एम.व्ही. छापाच्या तबकड्या त्या काळी मराठी घरांत वाजत, तीच ही कंपनी.) आज संपूर्ण डोक्याचे चित्रण काही सेकंदांत उरकते, आणि रुग्णाला मेजावर घेणे, नीट निजवणे व उतरवणे जमेस धरले तरी साध्या तपासणीस फारसा काळ लागत नाही.

उरलेला वेळ दप्तरात आणि वाटेत खर्ची पडतो. डॉक्टरांनी तपासून निर्णय घेणे, अर्ज भरणे, पावती फाडणे, ट्रॉली मोकळी होणे, ती ढकलणारे मामा सापडणे, उद्वाहन खाली येणे, अत्यवस्थ रुग्णासोबत जाण्यास एखादा निवासी डॉक्टर रिकामा होणे, आणि चित्रण झाल्यावर ते पाहून अहवाल देणारा क्ष-किरणतज्ज्ञ मध्यरात्री उपलब्ध असणे, या साखळीतील प्रत्येक कडी पाच-दहा मिनिटे खाते, आणि कोणा एकाचाही अपराध सिद्ध न होता तासभर निघून जातो. हे कल्पनेने बोलत नाही. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या रुग्णालयात अर्धांगवायूचा रुग्ण दाराशी आल्यापासून त्यास गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंतचा मध्यक काळ 1998 मध्ये 105 मिनिटे होता. 2011 मध्ये तो 20 मिनिटांवर आला. रुग्णवाहिकेने आगाऊ वर्दी द्यावी, रुग्ण वाटेत असतानाच त्याची पूर्वपीठिका मिळवावी, रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवरून त्यास थेट सीटीच्या मेजाकडे न्यावे, लेखी अहवालाची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः चित्र वाचावे, आणि औषध तेथल्या तेथे टोचावे, अशा साध्या बंदोबस्ताचे हे फळ होय. नवे यंत्र विकत घेण्यापेक्षा हा बंदोबस्त स्वस्त पडतो, आणि म्हणूनच की काय, तो क्वचितच होतो.

अर्धांगवायूच्या बाबतीत एवढी निकड कशासाठी, हे सांगितले पाहिजे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असता दर मिनिटास सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात असा अंदाज आहे, आणि ते औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. परंतु तोच लकवा वाहिनी फुटूनही होतो. तेथे हे औषध प्राणघातक ठरावे. केवळ हातपाय तपासून या दोहोंतला भेद खात्रीने सांगता येत नाही, म्हणून सीटी प्रथम. यातून आणखी एक गैरसमज उद्भवतो: ‘स्कॅन तर नॉर्मल आला, मग एवढी धावाधाव का केली?’ गुठळीच्या आघातात पहिल्या काही तासांत साधा सीटी नॉर्मल दिसू शकतो. रक्तस्राव नाही एवढेच डॉक्टरांना हवे असते, आणि ते कळले की उपचाराची वाट मोकळी होते. अकस्मात उद्भवलेल्या भयंकर डोकेदुखीत उलट प्रकार दिसतो. मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव पहिल्या 6 तासांत आधुनिक यंत्रावर जवळजवळ चुकत नाही. त्यानंतर रक्त विरळ होऊ लागते, आणि नॉर्मल स्कॅनवर विसंबता येत नसल्याने मणक्यातील पाणी काढून पाहण्याची पाळी येते.

विलंबाचा एक मोठा हिस्सा जुन्या रूढींकडे जातो, आणि या रूढी रुग्णालयाच्या भिंतीआतही मुरलेल्या आहेत. मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा अहवाल आल्यावाचून सीटी नाही, ही त्यांपैकी पहिली. मूत्रपिंडाचा प्रश्न येतो तो चित्र ठळक करणारे कॉन्ट्रास्ट द्रव्य शिरेतून द्यायचे असेल तेव्हाच. डोक्याला मार लागलेल्याच्या साध्या सीटीस त्याची गरजच नसते, आणि जेथे असते तेथेही, मूत्रपिंडाचा पूर्वविकार नसलेल्या रुग्णास प्राणसंकटात प्रयोगशाळेच्या चिठ्ठीसाठी अडवून ठेवू नये असेच आजचे शास्त्र सांगते. दुसरी रूढी उपवासाची. रुग्ण जेवून आला म्हणून तातडीचे चित्रण पुढे ढकलण्याचे कारण नाही. मात्र शस्त्रक्रियेचा संभव असल्यास त्यास खाऊ घालू नये, आणि लकव्याच्या रुग्णास तर घोटभर पाणीही पाजू नये, कारण गिळण्याची शक्ती गेली असल्यास ते श्वासनलिकेत उतरते. तिसरी समजूत मोठी चमत्कारिक आहे: कोळंबी किंवा खेकडे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, सबब आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट चालणार नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी तिच्यातील प्रथिनांमुळे होते, आयोडीनमुळे नव्हे. पूर्वी कॉन्ट्रास्टचीच तीव्र बाधा झाली असेल, तर ती गोष्ट अवश्य सांगावी.

‘आमच्या मागून आलेला आधी आत गेला’ हा आरोप बव्हंशी खरा असतो, पण त्यात पक्षपात असतोच असे नाही. ब्रिटनमधील नाइस संस्थेच्या नियमांनुसार, प्रौढाच्या डोक्यास इजा होऊन शुद्धीची पातळी खालावलेली असेल, झटका आला असेल, कवटी भंगल्याचा संशय असेल किंवा एकाहून अधिक वेळा उलटी झाली असेल, तर धोका ध्यानी आल्यापासून एका तासाच्या आत सीटी व्हावा. इतर काही रुग्णांना 8 तासांपर्यंतची मुदत दिली आहे. म्हणजे तेथे काहींचे थांबणे नियमातच गृहीत धरलेले आहे. आणि काहींनी तर सीटीकडे जाऊच नये. पोटात रक्तस्राव होऊन ज्याचा रक्तदाब कोसळत आहे, त्यास यंत्राच्या वर्तुळात निजवण्यापेक्षा खाटेपाशीच सोनोग्राफी करून शस्त्रक्रियागृहात नेणे श्रेयस्कर.

पोलिसांचा जबाब आणि पैशांची पावती यांच्याविषयी तर गैरसमजाला कायद्याने जागाच ठेवलेली नाही. अपघाताच्या रुग्णास प्रथम उपचार, मागाहून पोलिसी सोपस्कार, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले. त्यानंतरची हकीकत अधिक बोलकी आहे. 8 जुलै 1992 रोजी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर रेल्वेतून पडून एका शेतमजुराच्या डोक्यास जबर मार लागला. कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यास खाट नाही किंवा सोय नाही म्हणून परत पाठवले. खाजगी ठिकाणी 1310 रुपये भरून काढलेल्या सीटीत मेंदूच्या अग्रभागी रक्तस्राव दिसला, तरी सरकारी दार उघडले नाही आणि अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे 17,000 रुपये खर्चून तो बरा झाला. त्याच्या संघटनेच्या अर्जावर न्यायालयाने 1996 मध्ये 25,000 रुपयांची भरपाई देवविली, आणि वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग होय असे ठरवले. स्कॅन लवकर झाला म्हणजे सारे झाले, हाही भ्रमच, हे त्या 1310 रुपयांवरून दिसून येते.

नातेवाइकांच्या हाती फार थोडे असते. जे असते ते मात्र मोलाचे. लकव्याचा रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, याचे उत्तर डॉक्टरांना हवे असते. सकाळी उठताना हात उचलेना, तर काळ मोजायचा तो बहुधा रात्री झोपल्या वेळेपासून. भीतीपोटी ‘आत्ताच झाले’ म्हटल्याने रांग पुढे सरकत नाही, औषधाची मुदत मात्र चुकीची मोजली जाते. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो काय, हा दुसरा प्रश्न. त्यांची नावे आठवत नसतील, तर घरून निघताना गोळ्यांची पाकिटेच सोबत घ्यावीत.