अळिंबीगृहातील थर्मोस्टॅट आणि सायरिड माशी
पानिपत-सोनीपत पट्ट्यात बटन अळिंबी हिवाळ्यात झोपड्यांत, तर एरवी वातानुकूलित खोल्यांत घेतली जाते. कवकजाल पसरताना २२ ते २५, पीक येताना १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. दोन टप्प्यांच्या थर्मोस्टॅटमध्ये प्रथम एकच कॉम्प्रेसर सुरू होतो. तापमान आणखी चढले तरच दुसरा. विजेच्या बचतीसाठी हा दुसरा टप्पा बंद ठेवणे मला महागडे वाटते. कवकजाल कुरतडणाऱ्या सायरिड माशीचा जीवनक्रम १६ अंशांना सुमारे ३५ दिवसांचा, तर २४ अंशांना जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. शिवाय कंपोस्ट स्वतःही तापते. म्हणून थर्मोस्टॅटचा संवेदक दारालगत न लावता मांडण्यांच्या मधोमध टांगावा आणि कंपोस्टमध्ये स्वतंत्र तापमापक खोचावा.